आष्टीत लढाई झालीच नाही, तरी आष्टीचा राजा बदलला: गोष्ट नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची

गूगलवर 'आष्टीची लढाई' असं टाकून बघा. २० फेब्रुवारी १८१८, पेशव्यांचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले, अशी माहिती लगेच येते. माहिती बरोबर आहे. पण ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली, मोहोळ तालुक्यातली. महाराष्ट्रात आष्टी नावाची गावं बरीच आहेत. बीडमध्ये एक तालुका आहे आणि वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला दुसरा. सोशल मीडियावरच्या पोस्टमध्ये या आष्ट्यांची सरमिसळ होते आणि सोलापूरची लढाई थेट वर्ध्यात येऊन पडते.

मग वर्ध्याच्या आष्टीचं काय? इथे मुघल सरदार महंमदखान नियाझीची कबर आहे, जवळून वर्धा नदी वाहते, उत्तरेकडे गेलं की सातपुड्याचा पायथा लागतो. पेशवाई बुडाली तेव्हा हा मुलूख पेशव्यांचा नव्हताच. तो नागपूरकर भोसल्यांचा होता. त्यामुळे या आष्टीचं नशीब सोलापूरच्या आष्टीच्या तीन महिने आधीच ठरलं होतं. कुठे, तर नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर. आज जिथे मेट्रो स्टेशन, कपड्यांची दुकानं आणि ट्रॅफिक आहे, तिथेच.

त्या लढाईच्या केंद्रस्थानी एकविशीतला एक राजा होता. मुधोजी भोसले, म्हणजेच आप्पासाहेब. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात, पण त्यांच्या आयुष्यावर वेबसीरीजचे दोन सीझन आरामात निघतील.

राज्य मोठं, वारस दुबळा

नागपूरकर भोसल्यांचं राज्य एकेकाळी पार ओडिशाच्या कटकपर्यंत पसरलेलं होतं. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगडावर इंग्रजांकडून हार झाली आणि देवगावच्या तहात कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाडही गेलं. तेव्हा गादीवर दुसरे रघुजी होते. इतकं गमावूनही या माणसाने एक गोष्ट शेवटपर्यंत टाळली. इंग्रजांची तैनाती फौज त्यांनी नागपुरात येऊ दिली नाही.

तैनाती फौज म्हणजे सोप्या भाषेत सांगायचं तर असं: तुमच्या रक्षणासाठी आमचं सैन्य तुमच्या राजधानीत राहणार, त्याचा खर्च तुम्ही द्यायचा आणि आमच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाशी राजकारण करायचं नाही. निझामाने ते मान्य केलं होतं. पेशव्यांनी १८०२ च्या वसईच्या तहात मान्य केलं. रघुजी मात्र तेरा वर्षं हो-नाही करत इंग्रज रेसिडेंटला झुलवत राहिले.

२२ मार्च १८१६ ला रघुजी गेले. मुलगा परसोजी गादीवर आला, पण तो शरीराने आणि मनानेही अधू होता. त्याला कारभार झेपणार नव्हता. मग कारभार कुणी बघायचा? दरबारात दोन गट पडले. एकीकडे रघुजींच्या राणी बाकाबाई आणि रघुजींचा दासीपुत्र धर्माजी भोसले. दुसरीकडे रघुजींच्या भावाचा, व्यंकोजींचा मुलगा आप्पासाहेब.

आप्पासाहेबांनी पहिला डाव जिंकला. धर्माजीला कैद झाली, पुढे त्याचा जीवही गेला आणि कारभाराची सूत्रं आप्पासाहेबांकडे आली. पण दरबारातला विरोध काही संपत नव्हता. आपल्या पाठीशी कुणीतरी भक्कम हवं, असं त्यांना वाटलं असणार. आणि नागपुरात भक्कम म्हणावा असा एक माणूस हात पुढे करून बसलाच होता. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स.

२७ मे १८१६ च्या मध्यरात्री, दरबाराला पत्ता लागू न देता, तैनाती फौजेच्या तहावर शिक्कामोर्तब झालं. पायदळाच्या सहा पलटणी, घोडदळाची एक रेजिमेंट आणि तोफा. खर्चापोटी वर्षाला साडेसात लाख रुपये.

जे काकांनी तेरा वर्षं टाळलं, ते पुतण्याने दोन महिन्यांत करून दिलं. लढाई व्हायला अजून दीड वर्ष होतं, पण तिचा निकाल निम्मा इथेच लागला होता.

गादीवर बसले आणि डोळे उघडले

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी अंथरुणात मरून पडलेले आढळले. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला होते. सुरुवातीला कुणी फारसा गाजावाजा केला नाही. आप्पासाहेब नागपूरला आले, २१ एप्रिलला गादीवर बसले आणि इंग्रजांनीही त्यांना राजा मानलं.

हा खून आप्पासाहेबांनीच करवला, असा ठपका पुढे ठेवण्यात आला. पण कधी? तर ते इंग्रजांच्या विरोधात गेल्यावर. खून झाला असण्याची शक्यता दाटच आहे आणि त्याचा फायदा आप्पासाहेबांनाच झाला, हेही खरं. पण आपल्या बाजूचा राजा असेपर्यंत कंपनीला या मृत्यूची घाई नव्हती, हेही तितकंच खरं. आप्पासाहेबांना निव्वळ स्वातंत्र्यवीर ठरवणाऱ्यांनी धर्माजी आणि परसोजी विसरू नयेत, आणि निव्वळ कपटी ठरवणाऱ्यांनी हा आरोप कोणत्या वेळी पुढे आला ते बघावं.

राजा झाल्यावर आप्पासाहेबांना कळलं की आपण काय करून बसलो. कुणाशी पत्रव्यवहार करायचा तर रेसिडेंटची नजर. खजिन्यातून फौजेचा खर्च जातोय, पण फौज ऐकते जेंकिन्सचं. इकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचीही हीच घुसमट सुरू होती. दोघांमध्ये गुप्तपणे निरोप जाऊ लागले.

५ नोव्हेंबर १८१७ ला बाजीरावाने खडकीला इंग्रजांवर हल्ला केला. तो फसला आणि पुणं गेलं. ही बातमी नागपूरला पोहोचल्यावर खरं तर आप्पासाहेबांनी दहा वेळा विचार करायला हवा होता. पण २४ नोव्हेंबरला त्यांनी भर दरबारात पेशव्यांकडून आलेली खिलत आणि सेनासाहेबसुभा ही पदवी स्वीकारली. ज्या पेशव्यांशी इंग्रजांचं युद्ध सुरू आहे, त्यांचाच सेनापती आपण आहोत, असं जाहीर करण्यासारखंच होतं हे. जेंकिन्सलाही बोलावणं होतं. तो गेला नाही.

अठरा तास

जेंकिन्सची रेसिडेन्सी सीताबर्डीच्या टेकडीच्या पश्चिमेला होती. टेकडी म्हणजे खरं तर दोन उंचवटे, दक्षिणेकडचा मोठा आणि उत्तरेकडचा छोटा, मध्ये थोडीशी खिंड. टेकडीच्या पूर्वेला शहर. इंग्रजांची छावणी तिथून काही मैल दूर तेलंगखेडीच्या बाजूला होती.

२५ नोव्हेंबरला जेंकिन्सने छावणी रिकामी करून सगळी फौज टेकडीवर आणली. किती होती? तेराशे-चौदाशेच्या आसपास. कमान लेफ्टनंट कर्नल स्कॉटकडे होती. आणि हे सैन्य 'इंग्रज' म्हणायचं ते नावापुरतं. अधिकारी इंग्रज, बाकी जवळपास सगळे मद्रासच्या पलटणींचे आणि बंगालच्या घोडदळाचे हिंदी शिपाई. समोर भोसल्यांचं सैन्य अठरा ते वीस हजार, त्यात साडेतीन-चार हजार अरब. हे अरब म्हणजे भाडोत्री पण कमालीचे कडवे लढवय्ये. शिवाय तोफा.

इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. २५ तारखेपर्यंत टेकडी मोकळी होती. रेसिडेन्सीवर मोजके पहारेकरी होते. वीस हजारांचं सैन्य हाताशी असलेल्या राजाने त्या दिवशी टेकडी घेतली असती तर जेंकिन्सला छावणीतून बाहेर पडणं अवघड होतं. आप्पासाहेबांनी तो दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी ते एकीकडे मोर्चे लावत होते आणि दुसरीकडे रेसिडेंटशी बोलणीही सुरू होती.

२६ च्या संध्याकाळी बोलणी सुरू असतानाच गोळीबार सुरू झाला. पहिली गोळी नेमकी कुणी झाडली यावर वाद घालता येईल, पण रात्री दोनपर्यंत आग थांबली नाही. अरबांनी छोट्या टेकडीवर चढाईमागून चढाई केली. थोडी उसंत, आणि २७ च्या पहाटे पुन्हा तोफा.

सकाळी नऊच्या सुमारास छोट्या टेकडीवर इंग्रजांचा दारूगोळ्याचा गाडा पेटला. स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि त्या गोंधळात अरब तलवारी उपसून वर घुसले. छोटी टेकडी पडली. तिथलीच तोफ फिरवून त्यांनी मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. भोसल्यांचं घोडदळ चारी बाजूंनी आवळत आलं. इंग्रजांचे अधिकारी एकामागून एक पडत होते. जेंकिन्सचा सहाय्यक जॉर्ज सॉदबी त्याच्याच शेजारी मारला गेला. लढाई संपल्यातच जमा होती.

ती फिरवली कॅप्टन फिट्झगेराल्डने. त्याच्याकडे बंगाल घोडदळाच्या फक्त तीन तुकड्या होत्या आणि त्या रेसिडेन्सीच्या आवारात नुसत्या उभ्या होत्या. हल्ल्याची परवानगी त्याने मागितली, ती आधी नाकारली गेली. शेवटी परवानगी मिळाली, पण जबाबदारी तुझी अशा अर्थाने. तो समोरच्या मोठ्या घोडदळावर तुटून पडला, ते मागे रेटलं, दोन तोफा ताब्यात घेतल्या आणि त्याच तोफा उलट फिरवल्या. टेकडीवरून हे दिसत होतं. तिथल्या शिपायांना हुरूप आला. तेवढ्यात छोट्या टेकडीवर अरबांचाही दारूगोळा उडाला. इंग्रजांच्या पलटणीने संगिनी लावून टेकडी परत घेतली. दुपारी बाराच्या सुमारास सगळं शांत झालं.

अठरा तासांत इंग्रजांचे साडेतीनशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले, म्हणजे जवळपास चारातला एक. भोसल्यांचं नुकसान त्याहून फार वेगळं नव्हतं. वीस हजारांच्या सैन्याला ही हार पचवून दुसऱ्या दिवशी पुन्हा लढता आलं असतं. टेकडीवर तेव्हा थकलेले हजारभर लोक आणि संपत आलेला दारूगोळा होता.

पण राजाचा धीर खचला. लढाई माझ्या हुकमाने झालीच नाही, असे निरोप आप्पासाहेबांकडून रेसिडेन्सीकडे जाऊ लागले. अरबांनी परस्पर केलं, असं सांगणं सुरू झालं. ज्यांनी रात्रभर टेकडी चढताना जीव दिला, त्यांच्याबद्दल हे सांगितलं जात होतं. आप्पासाहेबांच्या आयुष्यात न पटणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत, त्यात ही सगळ्यात वर.

२९ नोव्हेंबरला इंग्रजांची पहिली कुमक आली. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन पोहोचला. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत जाऊन बसले. सैन्याने मात्र तोफा सोडल्या नाहीत. त्याच दिवशी नागपूरच्या वेशीवर मोठी लढाई झाली आणि भोसल्यांचं सैन्य उधळलं गेलं. अरब तरीही हटेनात. ते शहरात, राजवाड्याच्या परिसरात अडून बसले. २४ तारखेला जुम्मा दरवाजावरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवून लावला. महालातला आजचा गांधी गेट तो हाच. ३० डिसेंबरला अटी ठरवून ते बाहेर पडले. राजाने लढाई सोडल्यावर दोन आठवडे भाडोत्री सैनिक लढत होते.

कैदी निसटला

जानेवारी १८१८ च्या करारात आप्पासाहेबांना गादी परत मिळाली, पण नावाला. नर्मदेच्या खोऱ्यातला मुलूख गेला, गाविलगड आणि नरनाळा गेले, कारभारी रेसिडेंटच्या पसंतीचे ठेवायचे ठरलं. आणि सीताबर्डीच्या टेकड्याही द्याव्या लागल्या. तिथे इंग्रजांनी किल्ला बांधला. शहरावर तोफा रोखता येतील असा.

आप्पासाहेब तरी गप्प बसले का? नाही. पेशव्यांशी पत्रव्यवहार सुरूच होता आणि बाजीराव चांद्याच्या दिशेने निघाले होते. १५ मार्च १८१८ ला जेंकिन्सने राजाला अटक केली. मे महिन्यात चांद्याचा किल्लाही पडला, तिथे किल्लेदार गंगासिंग लढता लढता मारला गेला.

आप्पासाहेबांना अलाहाबादला कैदेत ठेवायचं ठरलं. कडक पहाऱ्यात काफिला निघाला. १३ मे च्या रात्री जबलपूरजवळ रायचूर नावाच्या गावात मुक्काम होता. पहाऱ्यावरच्या काही शिपायांना फितवलेलं होतं. आप्पासाहेबांनी शिपायाचा गणवेश चढवला आणि पहारा बदलताना त्यांच्यासोबत चालत बाहेर पडले. असं सांगतात की तंबूत बिछान्यावर उशी पांघरून ठेवली होती आणि दोन नोकर तिचे पाय चेपत बसले होते. अधिकाऱ्याने डोकावून पाहिलं, राजा झोपलाय असं समजून तो पुढे गेला.

इथून पुढचे आप्पासाहेब वेगळेच दिसतात. सीताबर्डीला वीस हजार सैन्य असताना कच खाल्लेला हा माणूस जवळ काहीही नसताना लढायला उभा राहिला. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशहा याने आसरा दिला. महादेवाच्या डोंगरात, पचमढीच्या जंगलात गोंडांनी त्यांना लपवलं आणि त्यांच्यासाठी शस्त्रंही उचलली. जुलै १८१८ मध्ये बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्सची तुकडी जवळपास पुरती कापली गेली. ऑगस्टमध्ये मुलताई आप्पासाहेबांच्या लोकांनी घेतली. मुलताई म्हणजे तापीचा उगम, आष्टीच्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की येणारं गाव. उठाव अगदी आष्टीच्या उंबऱ्यापर्यंत आला होता.

इंग्रजांनी मोठं बक्षीस लावलं. डोंगरातल्या गोंडांना त्या रकमेचा अर्थ कळत नव्हता असं नाही. तरी आप्पासाहेबांना कुणी पकडून दिलं नाही.

पण तुकड्या डोंगर पिंजून काढत जवळ येत गेल्या. फेब्रुवारी १८१९ मध्ये आप्पासाहेब पेंढारी सरदार चितूसोबत निसटून अशीरगडाकडे गेले. चितूला पुढे जंगलात वाघाने मारलं. अशीरगड शिंद्यांचा, किल्लेदार यशवंतराव लाड. राजाला आसरा दिला म्हणून इंग्रजांनी किल्ल्याला वेढा घातला आणि ९ एप्रिल १८१९ ला तो घेतला. आत आप्पासाहेब नव्हते. आसरा देण्याची किंमत म्हणून शिंद्यांना तो किल्ला कायमचा गमवावा लागला.

नागपूर ते जोधपूर

पुढची एकवीस वर्षं आप्पासाहेब फिरत राहिले. पंजाबात रणजितसिंहाच्या राज्यात काही काळ, हिमालयाच्या पायथ्याला मंडीत काही काळ. कुणीही त्यांना फार दिवस ठेवून घ्यायला तयार नव्हतं, कारण प्रत्येकाला इंग्रजांशी वाकडं नको होतं. १८२९ मध्ये ते जोधपूरला आले आणि महामंदिर या नाथपंथी देवस्थानात आश्रय घेतला. इंग्रजांनी त्यांना मागितलं. शरण आलेल्याला देणार नाही, अशी भूमिका महाराजा मानसिंहांनी घेतली आणि ती टिकवली. १५ जुलै १८४० ला आप्पासाहेब तिथेच वारले. वय चव्वेचाळीसच्या आसपास. नागपूर त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

नागपुरात त्यांच्या जागी कधीच दुसरा राजा बसला होता. जून १८१८ मध्येच रघुजींच्या मुलीच्या मुलाला, लहानग्या बाजीबाला तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवलं. बाकाबाईंच्या नावाने राजवाडा चालला, राज्य १८२६ पर्यंत जेंकिन्स चालवत होता.

याच काळात नकाशाही पक्का झाला. १८२२ मध्ये निझामाशी करार होऊन वर्धा नदी ही वऱ्हाडची पूर्व सीमा ठरली. नदीपलीकडे निझामाचं वऱ्हाड, अलीकडे आष्टी-आर्वीसकट नागपूरचं राज्य. आजही नदीच्या त्या बाजूला अमरावती विभाग आहे आणि या बाजूला नागपूर विभाग. पाण्याच्या एका धारेला विभागाची हद्द का म्हणायचं, याचं उत्तर दोनशे वर्षं जुन्या त्या कागदात सापडतं.

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले, मुलगा नव्हता. बाकाबाईंना दत्तक हवा होता, पण डलहौसीने तो मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. डलहौसीच्या हिशोबात या मुलखातला कापूसही होता, हे त्याने लपवलं नाही. राजवाड्यातलं जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेलं. हत्ती, घोडे, बैल विकले गेले ते सीताबर्डीला. सदतीस वर्षांपूर्वी जिथे राज्य हरलं होतं, त्याच टेकडीच्या पायथ्याशी त्याच्या जनावरांची बोली लागली.

मग कापसाच्या मागे रेल्वे आली. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८६२ मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. पुढे पुलगाव ते आर्वी छोटी रेल्वे झाली, तीही मुख्यतः कापसासाठीच. आष्टीच्या शेतकऱ्याचा कापूस मँचेस्टरच्या भावाला बांधला गेला.

सीताबर्डीनंतर सव्वाशे वर्षांनी, १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी आष्टीत लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर चालून गेले. पोलिसांनी गोळीबार केला, गावातली माणसं ठार झाली. चिडलेल्या जमावाने ठाण्यावर हल्ला केला आणि पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरही पेटलं. तेव्हापासून या गावाला शहीद आष्टी म्हणतात.

सीताबर्डीचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. एरवी बंद असतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला सामान्य लोकांना आत सोडतात. वर गेल्यावर पूर्वेकडे बघायचं, अरब त्या बाजूने चढले होते.